एलसॅटचे सिक्वेन्सिंग गेम्स: कोण आधी, कोण नंतर हे कागदावर कसं बसवायचं

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करते, म्हणजे कुणाचा वेळ वाया जायला नको. अमेरिकेत आणि कॅनडात लॉ स्कूलला जाण्यासाठी जी एलसॅट देतात, तिच्यातला लॉजिक गेम्सचा, म्हणजे दिलेल्या नियमांवरून कोण कुठे बसतो ते ठरवायच्या कोड्यांचा सेक्शन आता राहिलेला नाही. जून २०२४ च्या परीक्षेत तो शेवटचा आला आणि ऑगस्ट २०२४ पासून त्याच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा, म्हणजे छोटे उतारे देऊन त्यातला युक्तिवाद तपासायला लावणारा आणखी एक सेक्शन आला. हे गेम सोडवायला आकृती काढावी लागायची आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी ती कशी काढायची, या मुद्द्यावर केस झाली होती, २०१९ मध्ये त्यात तडजोड झाली आणि त्यातूनच पुढे हा बदल आला. मला तो योग्यच वाटतो. तर तुम्ही आता एलसॅटला बसणार असाल तर या गेम्सवर महिने घालवू नका.

मग हे लिहायचं कशाला? एक तर जुने पेपर आहेत आणि लोक ते आजही आवडीने सोडवतात. दुसरं म्हणजे हाच प्रकार अरेंजमेंट पझल नाहीतर क्रमवारीचे प्रश्न म्हणून कितीतरी स्पर्धा परीक्षांमध्ये येतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे दिलेल्या माहितीतून नक्की काय निघतं आणि काय निघत नाही हे ओळखायची सवय या गेम्सनी जितकी लागते तितकी दुसऱ्या कशाने लागलेली मी पाहिली नाही, आणि लॉजिकल रीझनिंगमध्ये अजूनही तेच तपासतात.

तेव्हाचा हिशोब असा होता की ३५ मिनिटांत ४ गेम आणि मिळून २२ ते २४ प्रश्न, म्हणजे एका गेमला पावणेनऊ मिनिटं. चारातला निदान एक तरी बहुतेक वेळा सिक्वेन्सिंगचा असायचा, म्हणजे काही माणसं किंवा वस्तू एका ओळीत क्रमाने लावायच्या. हाच प्रकार सगळ्यात लवकर हाताखाली येतो म्हणून सुरुवात नेहमी यानेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक गेम घेऊनच बोलू, नुसत्या सूचना वाचून हे येत नाही. हा मी स्वतः बनवलाय.

एका खटल्यात एकाच दिवशी सात साक्षीदार साक्ष देणार आहेत, अ, क, ग, ट, म, प आणि स. एका वेळी एकच जण, कुणाचीही दोनदा नाही. नियम चार:
ग ची साक्ष क आणि प या दोघांच्याही नंतर होते.
ट ची साक्ष ग च्या नंतर कधीतरी होते.
स ची साक्ष प च्या नंतर पण म च्या आधी होते.
अ ची साक्ष म च्या आधी होते.

बहुतेक जण हे वाचल्या वाचल्या सात रिकाम्या जागा आखतात आणि पहिल्या जागी कोण बसेल याचा विचार करत बसतात, मीही कितीतरी दिवस तेच करत होते आणि प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. पण नियम नीट बघा, एकाही नियमात नंबर नाहीये. कोण तिसरा, कोण पाचवा असं कुठेच म्हटलेलं नाही, सगळं फक्त आधी आणि नंतर. अशा गेममध्ये सात जागा आखून काहीच मिळत नाही, इथे नियमच एकमेकांना जोडून एक झाड काढायचं. डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा, मध्ये रेघ, बस.

पहिल्या नियमातून क पासून ग ला एक रेघ आणि प पासून ग ला एक. दुसऱ्यातून ग पासून ट ला. तिसऱ्यातून प पासून स ला आणि स पासून म ला. चौथ्यातून अ पासून म ला. आता हे चार वेगवेगळे तुकडे ठेवायचे नाहीत. प दोन नियमांत आहे, तिथून दोन फांद्या फुटतात, एक ग कडे जाते आणि एक स कडे. म कडे दोन रेघा येतात, एक स कडून आणि एक अ कडून. सगळी सातही अक्षरं एकाच चित्रात येतात. वरची लाइन क – ग – ट, खालची लाइन प – स – म, प पासून वर ग ला एक तिरकी रेघ, आणि खालून अ ची रेघ म ला. हे चित्र कागदावर काढा आणि मगच पुढे वाचा, प्लीज.

चित्र झालं की थांबायचं आणि मोजायचं. लोक इथेच घाई करतात आणि प्रश्नांवर उडी मारतात, पण ही तीस चाळीस सेकंद पुढे कितीतरी मिनिटं वाचवतात. प्रत्येक अक्षराला दोनच प्रश्न विचारायचे: याच्या आधी नक्की किती जण आहेत, आणि याच्या नंतर नक्की किती जण आहेत?

ग घ्या. त्याच्या आधी क आणि प, दोन जण पक्के, म्हणजे ग पहिला किंवा दुसरा येऊच शकत नाही. नंतर ट एकटा पक्का, म्हणजे ग सातवाही नाही. ग ची रेंज ३ ते ६. ट च्या आधी ग आहे आणि ग च्या आधीचे दोघंही आहेत, एकूण तीन, म्हणून ट ४ ते ७. इथे लक्ष द्या, रेघ फक्त ग कडून येते पण मोजायचं मागे मागे जात शेवटपर्यंत. म च्या आधी स, स च्या आधीचा प, आणि अ, परत तीन, म्हणून म पण ४ ते ७. स च्या आधी प, नंतर म, म्हणून २ ते ६. प च्या नंतर ग, ट, स, म असे चार जण लागतात, म्हणून प फक्त पहिल्या तिनात. क च्या नंतर दोन जण, तो १ ते ५. आणि अ च्या नंतर फक्त म, तो १ ते ६ कुठेही.

एवढ्यात काय काय मिळालं बघा. पहिला साक्षीदार क, प किंवा अ यांच्यापैकीच, कारण बाकी सगळ्यांच्या आधी कोणीतरी आहे. शेवटचा ट किंवा म, कारण बाकी सगळ्यांच्या नंतर कोणीतरी आहे. आणि सगळ्यात कमी मोकळीक प ला आहे. प्रश्नात अडकलात की सगळ्यात आधी प कुठे जातो ते बघायचं, कारण ज्याला जागा कमी त्याच्यापासून सुरू केलं की फाटे कमी फुटतात.

आता याच्या उलट बाजूचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: काय माहीत नाही. स आणि ग यांच्यात आधी कोण? माहीत नाही. क आणि प? माहीत नाही. अ आणि ट? नाही. चित्रात स ग च्या बरोबर खाली लिहिलाय किंवा थोडा डावीकडे आलाय म्हणून तो आधी असं डोळ्याला वाटायला लागतं, आणि या प्रकारात सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. नियम पक्का करा: एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत सतत उजवीकडे जात पोचता येत असेल तरच आधी नंतरचं नातं आहे, मध्ये एकदाही मागे वळावं लागलं तर त्या दोघांत काहीच ठरलेलं नाही. ग पासून स ला जायचं तर आधी मागे प ला यावं लागतं, म्हणजे नातं नाही. चुकीचे ऑप्शन बनवणारे याच जागा बरोबर हेरतात.

मग प्रश्न. पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो, पाच पूर्ण क्रम देतात आणि यातला कोणता चालेल विचारतात. समजा हे पाच:

१) क प स ग अ म ट
२) प स अ ग क म ट
३) क स प ग ट अ म
४) प क स ग म अ ट
५) प क अ ट स ग म

एकेक ऑप्शन घेऊन चारही नियम लावत बसू नका. उलट करा, एक नियम घ्या आणि पाचही ऑप्शनवरून फिरवा. पहिला नियम, ग हा क आणि प च्या नंतर, दुसऱ्यात क ग च्या नंतर आलाय, काट मारा. दुसरा नियम, पाचव्यात ट ग च्या आधी, गेला. तिसरा, तिसऱ्या ऑप्शनमध्ये स प च्या आधी, गेला. चौथा, चौथ्यात म आधी आणि अ नंतर, गेला. उरला पहिला. काटलेल्या ऑप्शनकडे परत बघायचंच नाही. सवय झाली की हा प्रश्न अर्ध्या मिनिटात होतो, आणि वर एक पूर्ण बरोबर क्रम हातात येतो तो जपून ठेवायचा, का ते पुढे येईलच.

यानंतर मी जर वाले प्रश्न आधी घेते, म्हणजे ज्यात प्रश्न स्वतःहून एक जादा माहिती देतो. बरेच जण त्यांना घाबरतात पण तेच सोपे असतात कारण ती जादा माहितीच बाकीचं काम करते. उदाहरणार्थ, क पाचवा असेल तर खालीलपैकी काय खरं असलंच पाहिजे? क नंतर ग आणि ट लागतात आणि पाचव्यानंतर दोनच जागा आहेत, म्हणजे ग सहावा, ट सातवा, झालं. उरले अ, प, स, म आणि जागा १ ते ४. म च्या आधी बाकीचे तिघंही हवेत म्हणजे म चौथा, पक्का. पहिल्या तीन जागांत प, स, अ, त्यात प स च्या आधी एवढीच अट, म्हणजे प स अ, प अ स किंवा अ प स. एका वाक्यातून सातपैकी चार जागा पक्क्या झाल्या. उत्तर असेल म चौथा, आणि अ पहिला किंवा स तिसरा हे ऑप्शन फसवायला ठेवलेले असतील, ते होऊ शकतं पण झालंच पाहिजे असं नाही.

दुसरं, म ची साक्ष ग च्या आधी झाली तर? इथे नंबर दिलेला नाही, नवीन रेघ दिलीये. तर ती चित्रात जोडा (मूळ चित्रावर नको, बाजूला छोटं चित्र परत काढा, नाहीतर पुढच्या प्रश्नाला ती रेघ तशीच राहते आणि घोटाळा होतो) आणि परत मोजा. आता ग च्या आधी क आणि प तर होतेच, शिवाय म, आणि म च्या मागचे स आणि अ, एकूण पाच जण. म्हणजे ग सहावा आणि ट सातवा. म चौथा किंवा पाचवा, आणि क पहिल्या पाचात कुठेही. ज्याला हे मोजणं जमलं त्याला एकही क्रम लिहून बघावा लागत नाही.

प तिसरा असेल तर हा प्रश्न तुम्ही स्वतः करा, फक्त एवढं सांगते की प च्या आधी दोन जण बसवायचे आहेत आणि प वर अवलंबून नसलेले दोघंच आहेत.

जर नसलेले प्रश्न शेवटी. तिसरा साक्षीदार कोण असू शकत नाही, ऑप्शन अ, क, ग, म, स. मोजून ठेवलंय त्यामुळे म चौथ्याच्या आधी येत नाही हे समोरच आहे, उत्तर म. पण समजा ते सुचलं नाही, तर आधीच्या प्रश्नांत लिहिलेले क्रम बघा. पहिल्या प्रश्नाच्या बरोबर उत्तरात स तिसरा होता, तो काटला. क पाचव्या वाल्यात प स अ असा एक क्रम होता, त्यात अ तिसरा, तोही काटला. नव्याने काही न करता पाचातले दोन ऑप्शन गेले. म्हणूनच आधीचे क्रम खोडायचे नाहीत, आणि म्हणूनच हे प्रश्न शेवटी.

प्रश्नाच्या शब्दांकडेही बघा. खरं असू शकतं, खरं असलंच पाहिजे, खोटं असू शकतं, खरं असूच शकत नाही, हे चार वेगळे प्रश्न आहेत. खरं असू शकतं विचारलं तर बाकीचे चार ऑप्शन अशक्य असतात. खरं असलंच पाहिजे विचारलं तर बाकीचे चार निदान एकदा तरी खोटे पाडता येतात, म्हणून तिथे ऑप्शन खरा करायला बघायचं नाही, मोडायला बघायचं. मी प्रॅक्टिसच्या काळात प्रश्नातल्या त्या शब्दांखाली रेघ मारायचे आणि नुसत्या त्या सवयीने माझ्या चुका कमी झाल्या.

नियमांची भाषा हा वेगळाच विषय आहे. आधी म्हणजे लगेच आधी नव्हे, कितीही आधी. लगेच आधी म्हटलं असेल तर ती दोन अक्षरं चिकटवून एका चौकटीत टाका, आता तो एकच लांब तुकडा आहे आणि सात जागांत तो सहाच ठिकाणी बसतो. दोघांच्या मध्ये बरोबर एक जण आणि दोघांच्या मध्ये किमान एक जण यातला फरक घाईत सुटतो, आणि त्यात आधी कोण हे सांगितलंय का तेही बघायचं, नसेल सांगितलं तर तुकडा दोन्ही बाजूंनी लिहून ठेवायचा. एकाच वेळी दोघं येऊ शकतात का हेही सुरुवातीच्या वाक्यात तपासा, कारण पुढचं सगळं कोणी बरोबरीत नाही यावर उभं आहे.

बरोबरीत कोणी नसेल तर एक फार उपयोगी गोष्ट होते: क ग च्या आधी नाही याचा अर्थ सरळ क ग च्या नंतर आहे असाच होतो, तिसरा पर्यायच नाही. त्यामुळे भीतीदायक दिसणारे नियम एकदम साधे होतात. उदाहरणार्थ, क ची साक्ष ग च्या आधी किंवा ट च्या आधी होते, पण दोघांच्याही आधी नाही. वाचताना गरगरतं. पण एकाच्या आधी आहे आणि दुसऱ्याच्या आधी नाही म्हणजे दुसऱ्याच्या नंतर आहे, म्हणजे क हा ग आणि ट यांच्या मध्ये आहे, एवढंच सांगायचंय त्यांना. ग – क – ट नाहीतर ट – क – ग, दोन ओळी लिहा आणि पुढे चला.

आता जर तर चे नियम. आपल्याच गेममध्ये पाचवा नियम घालू: अ ची साक्ष क च्या आधी झाली तर स ची साक्ष ग च्या नंतर होते. असा नियम झाडात जोडता येत नाही कारण तो नेहमी लागूच नाही. तो बाजूला लिहायचा, आणि लगेच त्याच्या खाली त्याचं उलटं पण लिहायचं: स ची साक्ष ग च्या आधी झाली तर क ची साक्ष अ च्या आधी होते. दोन्ही बाजूंची अदलाबदल आणि दोन्हींना नकार, आणि नकार म्हणजे इथे फक्त आधी नंतर फिरवणं. हे दोन सोडून तिसरं काहीही निघत नाही. क अ च्या आधी असेल तर? तर नियम गप्प आहे, स कुठेही जाऊ शकतो. स ग च्या नंतर असेल तर? तरी गप्प, अ आणि क कसेही. नियम गप्प असतो तिथे त्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर कायदा शिकायला निघालेल्या माणसाला ही परीक्षा का घेत होते हे मला याच ठिकाणी कळलं.

या नियमाने काय होतं ते बघण्यासारखं आहे. दोन भाग करा. क अ च्या आधी, तेव्हा जुनंच चित्र अधिक एक रेघ. आणि अ क च्या आधी, तेव्हा स ग च्या नंतर, आणि आता मोजा. ग च्या आधी क आणि प, शिवाय क च्या आधीचा अ, असे तीन. ग च्या नंतर ट, स आणि स च्या नंतरचा म, असेही तीन. म्हणजे ग बरोबर चौथा! एकाही नियमात नंबर नव्हता आणि नंबर आपोआप आला. असं दिसलं की थांबून दोन्ही भाग आधीच काढून ठेवावेत, कारण अर्धी उत्तरं तिथेच असतात. पण प्रत्येक गेममध्ये असे भाग पाडत बसू नका, भाग पाडल्यावर निदान एका भागात खूप काही पक्कं होत असेल तरच ते करण्यासारखं आहे.

आणि मघाचा क पाचवा आठवतोय? नव्या नियमानंतर तो शक्यच नाही, कारण तेव्हा अ पहिल्या चारात म्हणजे क च्या आधी येतो, मग स ग च्या नंतर हवा, पण ग सहावा आणि सातव्या जागी ट बसलाय. एखादा नियम वाढला की जुनी उत्तरं परत तपासायची ती यासाठी.

प्रॅक्टिस कशी करायची तर सुरुवातीला घड्याळ लावूच नका. एक गेम घ्या, हवा तेवढा वेळ घ्या, सोडवून झाला की तोच गेम दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत, आणि आठवड्याने आणखी एकदा. उत्तरं पाठ झाली तरी हरकत नाही, आपण उत्तरं शिकत नाही, चित्र काढायची आणि मोजायची सवय लावतो. चुकलेल्या प्रश्नाला नुसतं बरोबर उत्तर लिहून सोडू नका, कोणती रेघ सुटली किंवा नसलेली कोणती रेघ आपण मनात काढली ते एका वाक्यात लिहा. दोन आठवड्यांत दिसेल की आपण एकाच प्रकारची चूक परत परत करतोय. घड्याळ त्यानंतर, आणि तेव्हाही आधी दहा बारा मिनिटं, मग कमी करत आणायचं. एलसॅटमध्ये चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा जुना पेपर वेळ लावून सोडवताना एकही प्रश्न रिकामा ठेवू नका.

जाता जाता एक करून बघा, पाचही नियम धरून: अ ची साक्ष सगळ्यात आधी झाली तर एकूण किती क्रम शक्य आहेत? अ पहिला म्हणजे क च्या आधी आहेच, तेव्हा ग चौथा. दुसऱ्या तिसऱ्या जागेत क आणि प, दोन प्रकारे. शेवटच्या तीन जागांत ट, स, म, त्यात स म च्या आधी, म्हणजे ट स म, स ट म किंवा स म ट, तीन प्रकारे. एकूण सहा. तुमचे सहापेक्षा जास्त आले असतील तर बहुतेक म स च्या आधी गेलाय, आणि कमी आले असतील तर प ला नसलेली एखादी रेघ लागलीये, चित्र परत बघा.